पिशवीवरचा लॉट नंबर किती दिवस टिकतो?

शेतकरी बंधूंनो, बियाणे उगवले नाही, खतात खोट निघाली किंवा औषध फवारून कीड हटली नाही, तर आपण तक्रार कशाच्या जोरावर करतो? पीक तर शेतात दिसतेच. पण ते बियाणे अमुक कंपनीचे, अमुक लॉटचे, अमुक दुकानातून घेतलेले, हे दाखवायला आपल्या हाती दोनच गोष्टी असतात : एक पिशवीवरचे लेबल आणि दुसरी दुकानदाराची पावती. ही दोन्ही छापील कागदं. त्यांच्यावरची अक्षरं शाबूत असतील तर तक्रारीला पाय आहेत, पुसली गेली असतील तर तक्रार लंगडी झालीच म्हणून समजा.

मग प्रश्न असा, की ही अक्षरं छापतात कशी आणि टिकतात किती दिवस? प्रश्न छापखान्याचा वाटेल, पण आहे आपल्या पोटापाण्याचा. आज बियाण्याच्या टॅगवर क्यूआर कोड आला, द्राक्षाच्या पेटीवर बारकोड आला, शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःची हळद नि गूळ स्वतःच्या लेबलखाली विकू लागल्या. हे सगळं ज्या छपाईवर उभं आहे, तिची थोडी ओळख करून घेऊ या.

दोन तऱ्हेची छपाई

पूर्वी टाईपरायटरची किंवा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन आपण पाहिलेली आहे. शाईत भिजवलेली कापडी पट्टी, तिच्यावर ठोका बसला की अक्षर कागदावर उमटायचं. आता लेबल छापणाऱ्या यंत्रात ठोक्याची जागा उष्णतेने घेतली आहे. या यंत्राच्या छपाई-पट्टीत, म्हणजे हेडमध्ये, एका ओळीत बारीक बारीक तापणारे ठिपके असतात. साध्या यंत्रात एका मिलिमीटरला ८, चांगल्या यंत्रात १२. संगणक सांगेल तोच ठिपका क्षणभर तापतो आणि पुन्हा थंड होतो.

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि शेतकऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे.

पहिली वाट रिबनशिवाय छपाईची. यात कागदालाच एक लेप दिलेला असतो. त्या लेपात बिनरंगी रंगद्रव्य असतं, ते उष्णता लागली की काळं पडतं. एस.टी.चं तिकीट, रेशन दुकानातली पावती, खताच्या दुकानात अंगठा लावल्यावर पॉस मशिनमधून निघणारी पावती, ही सगळी या जातीची. शाई नाही, रिबन नाही, खर्च कमी. पण ज्या लेपाला हेडची उष्णता काळं करते, त्याच लेपाला ऊन, तेल आणि प्लास्टिकमधली रसायनंही सोडत नाहीत. गाडीच्या काचेपाशी ठेवलेली किंवा खिशात घामाने भिजलेली पावती काही महिन्यांत कोरी होते. कागद हातात राहतो, मजकूर जातो.

दुसरी वाट रिबनची. यात कागद साधा असतो किंवा प्लास्टिकचा. हेड आणि लेबल यांच्यामधून शाईची एक पातळ पट्टी सरकते. खालचा रबरी रूळ लेबलाला हेडवर दाबून धरतो. जिथं ठिपका तापतो, तिथली शाई वितळून लेबलावर चिकटते. उष्णता आणि दाब, दोन्ही मिळून छपाई होते. ही छपाई नीट केलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते. पण "नीट केलेली असेल तर" हे शब्द महत्त्वाचे. का, ते पुढे बघू.

रिबनमध्ये थर किती?

वरून पाहिलं तर रिबन म्हणजे काळी चकचकीत फीत. प्रत्यक्षात तो थरांचा मामला आहे. मध्ये पॉलिएस्टरची फिल्म असते, साधारण साडेचार मायक्रॉन जाडीची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस या फिल्मच्या पंधरापट तरी जाड भरेल.

या फिल्मच्या वरच्या अंगाला, जिथं तापलेलं हेड घासतं, तिथं एक गुळगुळीत लेप असतो. त्याचं काम हेडची झीज थांबवणं आणि फिल्म हेडला चिकटू न देणं. स्वस्तातल्या रिबनमध्ये काटकसर बहुतेक याच थरात होते. मग रिबन स्वस्त पडते आणि महागडं हेड लवकर खराब होतं. म्हणजे आखूड मापाच्या दोरामुळे विहिरीतली मोटर गमावण्यातला प्रकार.

फिल्मच्या खालच्या अंगाला शाई. पण ती थेट फिल्मवर बसवली तर सुटताना तुटक सुटते, म्हणून पुष्कळ रिबनमध्ये मध्ये एक सुटी करणारा थर घालतात. उष्णता लागली की हा थर आधी मऊ होतो आणि शाईला फिल्मपासून मोकळं करतो. लेबलावर उतरल्यानंतर हाच थर शाईच्या अंगावर राहून तिचं घासण्यापासून रक्षणही करतो. त्याखाली शाईचा मुख्य थर, ज्यात काजळीचा काळा रंग असतो. काही रिबनमध्ये अगदी शेवटी आणखी एक थर असतो, लेबलाला घट्ट धरण्यासाठी.

आता ही शाई कशाची, त्यावर तिचं आयुष्य ठरतं. तीन जाती आहेत : मेणाची, मेण-रेझिनची आणि निव्वळ रेझिनची. रेझिन म्हणजे राळेसारखा, पण कारखान्यात बनवलेला चिकट पदार्थ. मेणाच्या शाईत कार्नोबा नावाचं मेण पुष्कळदा वापरतात. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून निघतं. पानं तोडायची, वाळवायची, झोडपून भुकटी पाडायची. तिकडच्या मजुरांचंही ते हंगामी पोटापाण्याचं काम आहे. म्हणजे आपल्या पिशवीवरचा लॉट नंबर कुठल्या तरी दूरच्या शेतमालातूनच आलेला असू शकतो!

मेणाची रिबन कमी उष्णतेत छापते, वेग चांगला देते आणि स्वस्त असते. कागदी लेबलावर कोरड्या जागी ती उत्तम. पण नखाने घासली की जाते, आणि गोण्या एकमेकींवर घासल्या की फासते. मेण-रेझिनची रिबन जास्त टणक, थोडी ओल नि घासणं सहन करणारी. निव्वळ रेझिनची रिबन सर्वांत टिकाऊ. ती प्लास्टिकच्या लेबलासाठीच असते, जास्त उष्णता मागते, हळू छापते आणि महाग पडते. ती पाण्याला, रॉकेलला आणि बऱ्याच औषधांच्या द्रावकालाही दाद देत नाही.

जोडी चुकली की काम बिघडतं. मेणाची रिबन प्लास्टिकच्या लेबलावर वापरली तर छापताना अक्षर ठसठशीत दिसतं आणि ट्रकमधून उतरेपर्यंत अर्धं गायब होतं. छापणाऱ्याला ते कधी कळतही नाही, कारण त्याच्या टेबलावर ते चांगलंच होतं.

कायदा दोन वर्षं थांबतो, पावती थांबत नाही

आता याचा आपल्या हक्काशी संबंध बघा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट निकाल दिला, की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे बाजूला काढून ठेवलं नाही, एवढ्यावरून त्याचा दावा उडवता येणार नाही, अशीही भूमिका न्यायालयाने घेतली. आपल्या दृष्टीने हा फार मोठा आधार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं.

परंतु न्यायालयाने नमुन्याची अट सैल केली म्हणून पुराव्याची गरज संपली असं नाही. बियाणे कोणाचं, कुठल्या लॉटचं आणि कोणाकडून घेतलं, हे दाखवावंच लागतं. कायदा दोन वर्षं वाट बघतो. उन्हात पडलेली पॉसची पावती मात्र दोन महिन्यांतच डोळे मिटू शकते.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, हे अनेकांना आठवत असेल. अशा वेळी तालुका समिती शेतावर येते, उगवण मोजते, पंचनामा करते. त्या पंचनाम्यात लॉट नंबरचा रकाना असतो. ज्याची पिशवी शाबूत, त्याचा रकाना भरला जातो. ज्याने पिशवी फाडून फेकली किंवा ज्याच्या टॅगवरचा आकडा वाचता येत नाही, त्याच्या रकान्यात काय लिहायचं? तिथंच प्रकरण अडतं.

औषधाच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात नेला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : औषध कोणतं? औषधाच्या लेबलावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण, उतारा, घटकाचं नाव सगळं असतं. पण बाटलीतून ओघळलेल्या द्रावकाने लेबल धुऊन निघालं असेल, तर डॉक्टरही अंधारात आणि नातेवाईकही अंधारात.

क्यूआर कोड आला, पण कशावर आला?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये 'साथी' हे बियाण्यांचं संगणकीय पोर्टल सुरू केलं. बियाणे कुठे तयार झालं, कोणी प्रमाणित केलं, कोणत्या विक्रेत्याकडे गेलं, याची साखळी टॅगवरच्या क्यूआर कोडमधून कळावी हा उद्देश. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा जो मसुदा सूचनांसाठी खुला झाला, त्यातही बियाण्याच्या पिशवीवर क्यूआर कोडची तरतूद मांडली होती. दिशा चांगली आहे. बोगस बियाण्याला आळा घालायचा तर माग लागलाच पाहिजे.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, एवढी मोठी संगणकाची साखळी शेतकऱ्यापर्यंत पोचते ती टॅगवरच्या शाईतून. क्यूआर कोडमध्ये थोडं नुकसान सोसण्याची सोय असते. छापताना ठरवलेल्या पातळीप्रमाणे सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. त्यापुढे मात्र मोबाईल हात टेकतो. दुसरी, कोड म्हणजे खरेपणाची मोहोर नव्हे. एका खऱ्या पिशवीवरचा कोड साध्या प्रिंटरवर शंभरदा छापला तर शंभरही वेळा मोबाईलवर तीच माहिती दिसेल. म्हणून कोड स्कॅन करून थांबू नका. मोबाईलवर आलेला लॉट नंबर, वाण आणि मुदत पिशवीवरच्या छापील आकड्यांशी ताडून पहा. आकडे जुळले नाहीत तर पिशवी घेऊ नका आणि कृषी विभागाला कळवा.

नियमांचा भर लेबलावर काय छापावं यावर असतो. अन्नपदार्थांच्या २०२० च्या लेबल नियमांत मजकूर ठळक, वाचता येण्याजोगा आणि न पुसणारा असावा असं म्हटलेलं आहे. पण न पुसणारा म्हणजे किती दिवस, कशाने पुसून पाहायचं, हे दुकानात उभा असलेला शेतकरी कसं ठरवणार? ज्याच्या हातात पिशवी, त्यानेच तो आग्रह धरायला हवा.

द्राक्षवाल्यांकडून शिकण्यासारखं

हा आग्रह कुठं धरला गेला ते बघायचं तर नाशिक-सांगलीच्या द्राक्ष निर्यातीकडे बघा. २००३ मध्ये औषधांच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडचणीत आली. २००६ पासून अपेडाने 'ग्रेपनेट' ही नोंदणीची पद्धत आणली, म्हणजे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता यावा. २०१० मध्ये पुन्हा क्लोरमेक्वाटच्या अंशाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हापासून पेटीवरचं लेबल म्हणजे निर्यातदाराच्या गळ्यातला ताईत झालं आहे.

विचार करा, पॅकहाऊसमध्ये छापलेलं ते लेबल शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात, नव्वद टक्क्यांवरच्या ओलाव्यात आठवडेच्या आठवडे राहतं. कंटेनर उघडला की त्यावर दव धरतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पुष्कळ जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवासाचे दिवस वाढले. तितके दिवस लेबलानेही तग धरायला हवा. पलीकडच्या बंदरात बारकोड वाचता आला नाही तर माल चांगला असूनही पेटी बाजूला पडते. म्हणून तिथे कोणी मेणाच्या रिबनवर पैसे वाचवायला जात नाही.

हेच शहाणपण आपल्या शेतकरी गटांनी घ्यावं. हळद, बेदाणा, गूळ, डाळ, मसाला विकणाऱ्या गटांना पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेसारख्या योजनांमुळे यंत्रसामग्री घेता आली. लेबल प्रिंटरही आले. पण प्रिंटर विकणारा जी रिबन देईल ती लावायची, अशी पद्धत पडू लागली आहे. गटांनी खालील गोष्टी बघाव्यात.

लेबल कागदाचं असेल तर मेणाची किंवा मेण-रेझिनची रिबन चालेल. लेबल प्लास्टिकचं असेल, किंवा माल तेलकट, ओला वा थंड जागेत राहणारा असेल, तर त्याप्रमाणे मेण-रेझिन किंवा रेझिनची घ्यावी. रिबनची रुंदी लेबलापेक्षा किंचित जास्त असावी, नाही तर लेबलाची कड हेडला घासते. काही रिबनवर शाई आतल्या बाजूला तर काहींवर बाहेरच्या बाजूला असते, आपल्या प्रिंटरला कोणती लागते ते खरेदीआधी विचारा. समजत नसेल तर चिकटपट्टी लावून ओढा, काळं ज्या बाजूने निघेल ती शाईची बाजू.

उष्णता कमी पडली तर अक्षर फिकं येतं, जास्त झाली तर बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळतात, रिबनला सुरकुत्या पडतात, कधी ती तुटते. लेबल सरकतं त्या दिशेने प्रत्येक लेबलावर एकाच जागी पांढरी रेघ दिसू लागली, तर हेडवर घाण आहे किंवा ठिपका गेलेला आहे. आधी यंत्र बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. रिबन बदलताना दर वेळी एवढं पुसणं केलं तरी हेड पुष्कळ काळ साथ देतं.

आणखी एक. वापरलेली रिबन उलगडली तर छापलेला मजकूर तिच्यावर कोऱ्या जागांच्या रूपात जसाच्या तसा वाचता येतो. ग्राहकांची नावं-पत्ते छापले असतील तर ती फेकण्याआधी कापून टाका. आणि ही फीत प्लास्टिकची आहे, बांधावर जाळू नका.

नखाची परीक्षा

सामान्य शेतकऱ्याने एवढं सगळं लक्षात ठेवायचं कारण नाही. त्याच्यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. पावतीच्या कोऱ्या भागावर नख जोराने ओढा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने काळा पडणारा कागद, म्हणजे मजकूर उडणार हे धरून चला. लेबलावरच्या अक्षरावर नख ओढलं आणि शाई खरवडून आली, तर मेणाची छपाई, ती जपावी लागेल. अक्षर हललं नाही तर ठीक.

मग काय करायचं ते थोडक्यात :

खताची, बियाण्याची, औषधाची पॉस पावती मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्या. झेरॉक्सची शाई उन्हाने तशी उडत नाही. पावतीला लॅमिनेशन मुळीच करू नका, त्या उष्णतेने सगळा कागद काळा पडतो. प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, साध्या कागदी लिफाफ्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. दुकानदाराकडून लॉट नंबर किंवा बॅच नंबर लिहिलेली, सहीची पक्की पावती मागून घ्या. ती देणं त्याचं कामच आहे, उपकार नव्हे.

बियाण्याची पिशवी खालच्या बाजूने उघडा, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहतो. पिशवीत मूठभर बियाणं शिल्लक ठेवून ती हंगाम संपेपर्यंत जपा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, त्यावर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत हे सगळं वाचता येतंय ना, ते दुकानातच बघा. वाचता येत नसेल तर ती पिशवी बदलून मागा.

ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. पंचनामा करताना लॉट नंबर पेनने, अक्षरी आणि अंकी लिहून घ्या, टॅगचा फोटो जोडा. पॉस मशिनची मूळ पावती फाईलला लावली म्हणजे काम झालं असं समजू नका, तिची झेरॉक्स सोबत लावून साक्षांकित करा. दोन वर्षांनी फाईल उघडेल तेव्हा मूळ पावती कोरी असेल आणि झेरॉक्सच बोलेल.

बियाणे कंपन्यांकडे मागणी एवढीच असावी, की टॅग आणि लेबल गोदामातली ओल, ट्रकमधली घासाघास आणि शेतकऱ्याच्या घरातला एक पावसाळा सहन करील अशा छपाईचं असावं. साध्या रिबनऐवजी टिकाऊ रिबन वापरल्याने एका पिशवीमागे जो खर्च वाढेल, तो त्या पिशवीच्या किमतीपुढे नगण्य आहे. पेरणी फसल्यावर शेतकऱ्याचं जे जातं, त्यापुढे तर तो हिशोबातही धरण्यासारखा नाही. शेतकरी गटांनी, ग्रामसभांनी आणि विक्रेत्यांच्या बैठकीत हा विषय आवर्जून मांडावा. लेबल वाचता येत नसलेली पिशवी गावात कोणी घ्यायचीच नाही, एवढं ठरलं तरी कंपन्या रिबन बदलतील.